वाढत्या अंगाचं

आमच्या घरात मापाची वस्तू अशी कधी आलीच नाही. शाळेचे बूट घ्यायला सांगलीच्या गणपती पेठेत गेलो की आई दुकानदाराला आधीच सांगून टाकायची, "एक नंबर मोठा द्या हो, वाढतं अंग आहे." मग जूनमध्ये बुटाच्या टोकात कापसाचे बोळे, दिवाळीपर्यंत बोळे गायब, आणि बूट आता अगदी मापात बसतोय म्हणेपर्यंत अंगठ्यापाशी भोक! युनिफॉर्मचंही तेच. स्कर्टला खाली चार बोटं दुमड. दर वर्षी एक घडी उसवायची, की तिथे न विटलेल्या कापडाची गडद पट्टी दिसायची. कोण कितवीपासून तोच स्कर्ट घालतंय हे पट्ट्या मोजून सांगता यायचं. आई घरी ब्लाऊज शिवायची, त्यामुळे कापडाचा हिशेब तिच्या बोटांत होता.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे वयाच्या ४६व्या वर्षी मी आईस हॉकीच्या गोलकीपरचे पॅड विकत घेतले. आणि तेही वाढत्या अंगाचे!

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

टोरांटोच्या शेजारी मिसिसागात राहून आम्हाला १८ वर्षं झाली. लेक लहान असताना तिला स्केटिंगला घेऊन जायचे तेव्हा रिंकच्या बाकावर कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून कुडकुडत बसायचे. एक दिवस भिंतीवर मोठ्या बायकांसाठी 'अगदी पहिल्यापासून हॉकी' अशी जाहिरात दिसली. म्हटलं, नाहीतरी गारठतोच आहोत, तर निदान हलून गारठावं. अशी माझी सुरुवात. पहिल्या वर्षी मी फक्त पडले. दुसऱ्या वर्षी आमची गोली दुसऱ्या गावी राहायला गेली आणि ड्रेसिंग रूममध्ये प्रश्न आला, "गोलमध्ये कोण उभं राहणार?"

सगळ्याजणी आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागल्या.

आता मला सांगा, आमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये मी कोण होते? लिंबूटिंबू! आऊट झालं तरी आऊट नाही, रन काढली तरी रन नाही. उभं राहायचं कुठे, तर विकेटच्या मागे, गटाराच्या बाजूला, सुटलेला चेंडू आणायला. पण तिथे उभं राहून राहून एक झालं होतं. चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे नाहीत एवढं मला जमत होतं. मी हात वर केला. शिवाय आमच्याकडे गोलीला फी अर्धी. कोकणस्थ सासर आणि देशस्थ माहेर या दोन्हींचं समाधान!

त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं, "आई, मी गोली झाले."

"कसली गोळी? डॉक्टरांना विचारून घेतलीस ना?"

असो.

तर गोलीचं सामान. बाकीच्या खेळाडूंचं सामान एका पिशवीत मावतं, गोलीचा मात्र संसार असतो. स्केट्स, गुडघ्याच्या वर मांडीला लागणारे छोटे गार्ड, पायांचे मोठे पॅड, जाड पँट, ओटीपोटाचं कवच, छाती-हातांचं चिलखत, एका हातात चेंडू झेलायचा असतो तसा मोठा ग्लव्ह, दुसऱ्या हातावर पाटीसारखा ब्लॉकर, मानेचा पट्टा, मास्क आणि रुंद काठी. नवं सगळं घ्यायचं तर हिशेब काही हजार डॉलरांत जातो. मी सेकंडहँडच्या जाहिराती बघायला लागले आणि एका मुलाकडे सगळा संच ४०० डॉलरला मिळाला. मुलगा सहा फुटी, मी पाच फूट तीन इंच. त्याने भिडस्तपणे विचारलंही, "तुमच्यासाठीच घेताय का?" मी म्हटलं, हो. मनात आईचा हिशेब पक्का होता. मोठं असलेलं बरं. आणि गोल असतो ६ फूट रुंद नि ४ फूट उंच. पॅड जितके मोठे तितका जास्त गोल झाकला जाणार, नाही का?

नाही! पण ते कळायला मला एक गुडघा खर्ची घालावा लागला.

पॅडवर '३४ + १' असा आकडा होता. ३४ म्हणजे पॅडची इंचातली उंची, आणि अधिक एक म्हणजे मांडीसमोर येणारा वरचा भाग नेहमीपेक्षा एक इंच जास्त. रुंदी सगळ्यांना जवळपास सारखीच असते. एनएचएलने २००५मध्ये पॅडची कमाल रुंदी १२ इंचांवरून ११ इंचांवर आणली. पुढे त्यांनी उंचीसुद्धा प्रत्येक गोलीच्या पायाच्या मापावरून ठरवायला सुरुवात केली, म्हणजे कोणी नुसता आडमाप पॅड बांधून गोल अडवून बसू नये. थोडक्यात, रुंदी सगळ्यांना एक, उंची मात्र ज्याच्या त्याच्या हाडांची.

आता गोली खाली कसा बसतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गुडघे एकमेकांजवळ आणून बर्फावर टेकवायचे आणि पावलं दोन्हीकडे बाहेर फेकायची. फुलपाखराने पंख पसरावेत तशी पॅडची भिंत दोन्ही बाजूंना आडवी होते, म्हणून त्याला बटरफ्लाय म्हणतात. (मी करते तेव्हा फुलपाखरू वगैरे काही दिसत नाही. वाळत घातलेली गादी दोरीवरून खाली पडावी तसं दिसतं.) यात गुडघा थेट बर्फावर आपटत नाही. पॅडच्या आतल्या अंगाला गुडघ्यापाशी एक घट्ट फोमचा ठोकळा असतो, त्यावर तो टेकतो. पॅड पायाभोवती फिरून समोर तोंड करतो आणि गुडघा ठोकळ्यावर. अख्खी गंमत या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

माझ्या पॅडमध्ये गुडघ्याची जागा माझ्या गुडघ्याच्या बरीच वर होती. त्यामुळे मी खाली बसले की गुडघा ठोकळ्याच्या कडेवर टेकायचा, कधी त्याखाली घसरायचा. वरून पॅड इतके उंच की उभं असताना दोन्हींची टोकं एकमेकांवर आपटायची. मग मी काय केलं? पट्टे आवळले! ढगळ बूट नाड्या आवळून वापरायचे हेच शिकलेलो आपण. पण पॅडचे पट्टे सैल ठेवायचे असतात, कारण पॅडला पायाभोवती फिरायचं असतं. आवळल्यावर पॅड फिरेना, आणि जे पॅडने फिरायचं ते माझा गुडघा फिरायला लागला.

नोव्हेंबरातल्या एका रात्री साध्याशा शॉटवर खाली बसले आणि डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी ताणलं गेल्याचं अगदी स्पष्ट कळलं. उठताच येईना. दोघींनी धरून बाहेर आणलं.

निदान झालं आतल्या बाजूचा लिगामेंट ताणल्याचं. सहा आठवडे विश्रांती, मग व्यायाम. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "हे खेळणं गरजेचं आहे का?" घरी येताना गाडीत नवरा काही बोलला नाही. घरी आल्यावर पॅड गॅरेजमध्ये नेऊन ठेवले आणि म्हणाला, "झाली हौस. आता पुरे." मला रागही आला नाही. खरं सांगायचं तर सुटका झाल्यासारखं वाटलं आणि त्याच रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ४६व्या वर्षी कोणी पुन्हा लिंबूटिंबू होतं का हो?

त्यावेळी आई आमच्याकडे आलेली होती. सप्टेंबरात आली होती, फेब्रुवारीत परत जाणार होती. विमानतळावर व्हीलचेअरमधून बाहेर आली तेव्हाच म्हणाली होती, "आता ही शेवटची खेप हं. यापुढे नाही झेपणार." वय ७५. आम्ही दोघींनीही तो विषय पुन्हा काढला नव्हता.

मी पाय वर करून सोफ्यावर, ती शेजारी खुर्चीत, असे आमचे दिवस जात होते. एके दुपारी ती गॅरेजमधून पॅड ओढत ओढत घेऊन आली. म्हटलं आता बोलणी बसणार. ती खाली बसली, पॅड उलटा केला, आतले पट्टे, फोम, शिवण सगळं हाताने चाचपून बघितलं. काम चांगलं आहे म्हणाली. मग विचारलं, "हे कोणाच्या मापाचं?"

"एका मुलाचं होतं. सहा फुटी."

"आणि तू घातलंस?"

"तूच तर सांगायचीस, मोठं घ्यावं म्हणून!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, ते वाढत्या अंगाला. तुझं आता काय वाढायचंय?"

मग तिने तिची टेप आणायला लावली. ती टेप आई कुठेही गेली तरी पिशवीत असते, एका बाजूला इंच, एका बाजूला सेंटिमीटर, टोकाची पितळी पट्टी झिजलेली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला सांगून ठेवलं होतं की पुन्हा खेळायचंच असेल तर घोट्यापासून, जिथे पाऊल वाकतं तिथून, गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. गोलीच्या पॅडचं खरं माप ते. मी आईला सांगितलं. आई जमिनीवर बसली आणि माझा पाय हातात घेतला.

"ताठ करू नकोस. नेहमी ठेवतेस तसा ठेव." साडेचौदा इंच. मग गुडघ्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. मग छाती, मग खांद्यापासून मनगट. छातीचं माप घेताना मी सवयीने पोट आत ओढलं.

"श्वास सोड. मला फसवून काय मिळणार आहे? बायका पोट आत घेऊन माप द्यायच्या आणि मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडायला यायच्या."

मी श्वास सोडला. टेप धरलेले तिचे हात माझ्या अगदी जवळ होते आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिच्या अंगातला ब्लाऊज किती सैल झालाय. दंडाला तर दोन बोटं जातील इतका. तिने स्वतः शिवलेला. तिला माझी नजर कळली. "हो, आत घ्यायचेत सगळे," म्हणाली आणि कागदावर आकडे लिहायला लागली.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर जानेवारीत आम्ही दोघी हॉकीच्या सामानाच्या दुकानात गेलो. आई स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला मफलर आणि हातात मापांचा कागद. तिथे गोलीच्या विभागात एक पांढऱ्या मिशांचे आजोबा होते. तरुणपणी स्वतः गोली असावेत, कारण खाली वाकताना दोन्ही गुडघे वाजत होते. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "कोणी घेतली मापं?" मी आईकडे बोट दाखवलं. त्यांनी मान लववून आईला नमस्कारच केला जणू.

त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पुढचे दोन तास मी मध्ये नुसती पुतळ्यासारखी उभी होते.

पहिल्यांदा स्केट्स. इथे तर आईचा सिद्धांत उलटाच होतो. स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान घ्यायचा! सरळ उभं राहिलं की बोटं टोकाला जेमतेम लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की टोकापासून किंचित सुटली पाहिजेत. टाच मात्र अजिबात उचलता कामा नये. गोलीच्या स्केटचं पातं बाकीच्यांपेक्षा लांब आणि सपाट असतं, कारण त्याला धावायचं कमी आणि इकडून तिकडे सरकायचं जास्त. आजोबांनी स्केट्स भट्टीत काही मिनिटं गरम केल्या, मऊ झाल्यावर माझ्या पायात घालून नाड्या बांधल्या आणि निवेपर्यंत बसवून ठेवलं. आईला हे फार आवडलं. "बूट पायाच्या आकाराचा होतोय," म्हणाली. "आपण पाय बुटाच्या आकाराचा करत होतो."

मग पॅड. प्रत्येक कंपनीचा आकडा थोडा वेगळा बोलतो, म्हणून कागदावरच्या मापाने सुरुवात करायची पण निकाल गुडघ्याने लावायचा. ३० + १ निघाला. चार इंच कमी! दुकानातल्या गालिच्यावर मी खाली बसले. आजोबांनी मागून बघितलं, गुडघा ठोकळ्याच्या बरोबर मध्यावर. दोन्ही पॅडची वरची टोकं समोर येऊन पायांमधली फट बुजवत होती, एकमेकांवर चढत नव्हती. पायांमधल्या या फटीला फाईव्ह होल म्हणतात, आणि जगातले निम्मे गोल तिथूनच जात असावेत असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. आजोबांनी पट्टे लावले आणि मग माझ्यादेखत सैल केले. पोटरीचा पट्टा इतका सैल की मला वाटलं पॅड गळून पडेल. पण उठले, पुन्हा बसले, आणि पॅड स्वतःच फिरून समोर आला. गुडघा जागचा हलला नाही. मी तीनदा बसले. चौथ्यांदा आईनेच "पुरे" म्हटलं.

छातीचं चिलखत घालून कधीच सरळ उभं राहून बघू नये. खेळताना जसं वाकतो तसं वाकायचं, हात पुढे घ्यायचे. तेव्हा ते हनुवटीपर्यंत वर चढता कामा नये आणि मनगटापाशी ग्लव्हच्या कफपर्यंत मोकळी जागा राहता कामा नये. यातली बहुतेक चिलखतं पुरुषांच्या अंगावर बेतलेली. एक छातीला बसलं तर हात लांब, दुसऱ्याचे हात बरोबर तर छाती चेपलेली. पाचव्या वेळी जमलं. ते पँटच्या आत खोचणार की बाहेर ठेवणार त्यावर पँटचं माप ठरतं, म्हणून दोन्ही एकत्रच घालून बघायचं. आई म्हणाली, "परकर न नेसता साडीची उंची कशी ठरणार?" मी भाषांतर केलं नाही, पण आजोबांनी मान डोलावली.

ग्लव्हचंही तसंच. पहिल्या संचातला मला मिटताच येत नव्हता, पक आत येऊन परत बाहेर उडी मारायचा. माझ्या हाताला लहान माप लागतं हे कबूल केल्यावर प्रश्न मिटला. काठीचं माप दांड्याच्या उंचीवर नाही, खालच्या रुंद भागाच्या लांबीवर असतं. तो लांब झाला तर ब्लॉकरचा हात वर जातो आणि काखेखाली खिडकी उघडते. मी इतके दिवस ती खिडकी उघडी ठेवून उभी होते.

सगळ्यात शेवटी मास्क. तो सेकंडहँड घ्यायचा नाही असं नवऱ्याने बजावलं होतं आणि ते बरोबरच होतं. पॅड, पँट, ब्लॉकर वापरलेले चालतात. पण मास्कने आधी किती मार खाल्लाय आणि आतला फोम किती जुना आहे हे बाहेरून कळत नाही. पक असतो तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड, कडक रबराचा, आणि वजन जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढं. खेळायच्या आधी तो गोठवतात, म्हणजे कमी उसळावा. मास्क घालताना आधी हनुवटी आतल्या वाटीत टेकवायची, मग कपाळ. गाल-कपाळ सगळीकडून सारखं धरलं पाहिजे, मान जोरात हलवली तरी मास्क वेगळा हलता कामा नये. समोरची जाळी दोन प्रकारची. एकीत डोळ्यांसमोर मोठ्या फटी, दिसतं छान, टीव्हीवरचे गोली तीच वापरतात. पण त्या फटीतून काठीचं टोक आत येऊ शकतं. दुसरी बारीक चौकोनांची, प्रमाणित. मला सोमवारी सकाळी ऑफिसला जायचं असतं. मी दुसरी घेतली.

मास्कचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो. १९२७ साली इथल्याच क्वीन्स विद्यापीठाच्या संघातली एलिझाबेथ ग्रॅहम तलवारबाजीचा मास्क लावून गोलमध्ये उभी राहिली होती. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये मात्र मास्क रुळायला १९५९ उजाडावं लागलं. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा शॉट मॉन्ट्रियलच्या जॅक प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घालून परत आला तो मास्क घालूनच. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण दुसरा गोलीच तयार नव्हता. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला. गंमत म्हणजे त्यानंतरही कित्येक वर्षं काही गोली उघड्या तोंडाने खेळत राहिले. एनएचएलमधला शेवटचा बिनमास्कचा गोली, अँडी ब्राऊन, १९७४पर्यंत तसा खेळला. ३२ वर्षं आधी एका कॉलेजच्या मुलीने जे केलं होतं ते करायला या बाप्यांना लाज वाटत होती!

मानेचा पट्टा मी न विचारता घेतला. २८ ऑक्टोबर २०२३ला इंग्लंडमधल्या शेफील्डला अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू गळ्याला स्केटचं पातं लागून गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. आईला मी हे सांगितलं नाही. तिने पट्टा हातात घेऊन कापड ओढून बघितलं आणि म्हणाली, "हा रोज लावायचा. विसरायचं नाही." आयांना सगळं सांगावं लागत नाही.

जुना संच ज्या किमतीला घेतला त्याच किमतीला एका उंच मुलीला विकला. नवा ग्लव्ह लाकडासारखा कडक होता, तो वळवावा लागतो. रात्री आत पक ठेवून दोरीने घट्ट बांधायचा आणि दिवसा दाबत राहायचं. हे काम आईने आपणहून घेतलं. संध्याकाळी मालिका बघताना मांडीवर ग्लव्ह, आणि कणीक तिंबावी तशी तिची दोन्ही हातांनी उघडझाप चालू.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी परत उभी राहिले. आई आली होती. कानटोपी, दोन शाली, नवऱ्याच्या हातात तिच्यासाठी थर्मासमधला चहा. मला वाटलं होतं गुडघ्याची भीती वाटेल. पहिली दहा मिनिटं वाटलीच, खाली बसायच्या आधी क्षणभर मी थांबत होते आणि तेवढ्यात दोन गोल झाले. मग एकदा विचार करायला वेळच मिळाला नाही. पक खालून सरपटत आला, मी बसले, गुडघा ठोकळ्यावर टेकला आणि पॅडवर 'ठप्' असा आवाज आला. साधा, पोकळ आवाज. मला उठताही आलं.

सामना आम्ही ४-२ असा हरलो. गाडीत आईने एवढंच विचारलं, "तो पाय कसा आहे?" म्हटलं, बरा आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या झग्याच्या बाह्या लांब आहेत. ग्लव्हमध्ये अडकत होत्या. दोनदा बघितलं मी."

खरंच अडकत होत्या. सगळं सामान मापाचं घेतलं, पण जर्सी त्या सहा फुटी मुलाचीच राहिली होती.

आई जायच्या आदल्या दिवशी माझी जर्सी धुऊन घडी करून पलंगावर ठेवलेली होती. घालून बघितली. बाह्या बरोबर मनगटापर्यंत, एक बोट इकडे तिकडे नाही. तिच्या बॅगेत वर दोन ब्लाऊज दिसत होते, तेही आत घेतलेले. एवढे दिवस दुपारी मला वाटायचं ती झोपली आहे.

ती गेल्यावर परवा जर्सी वाळत घालताना बाही उलटी झाली आणि आतलं दिसलं. शिवणकामात कापडाचा जो भाग कापून न टाकता शिवणीच्या आत ठेवतात, त्याला माया म्हणतात. आईने बाही मापाची केली होती, पण कापलं काहीच नव्हतं. चांगली तीन इंच माया आत दुमडून, बारीक हातशिलाईने टाचून ठेवली होती.

न जाणो, अंग वाढलंच तर!